फ्लॅनेलची ऊब

दिवाळी हा दिव्यांचा आणि फराळाचा सण खराच, पण आपल्याकडे तो थंडीच्या स्वागताचाही सण आहे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे ऊन पाण्याचा पहिला तांब्या संपतो आणि दुसरा अंगावर पडतो, तेवढ्या क्षणभरात अंगावर जो काटा येतो, ती थंडीची वर्दी. मग घरोघर ट्रंका उघडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन स्वेटर, शाली, कानटोप्या बाहेर पडतात, आणि घरात तान्हे मूल असेल तर फ्लॅनेलचे झबले, फ्लॅनेलचे टोपडे आणि फ्लॅनेलचे दुपटे उन्हात घातले जाते.

फ्लॅनेल हे नाव आपल्या तोंडात इतके रुळले आहे की ते परके वाटतही नाही. उत्तरेकडे त्याचे फलालेन झाले. शाळेत मुलींना शिवण शिकवताना मलाही ते कधी परके वाटले नव्हते. मात्र लेखणी हाती धरणाऱ्याला एक खोड असते. हातातल्या वस्तूचे कुळ-मूळ विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी फ्लॅनेलचे कुळ शोधायला निघाले, आणि एका मऊ कापडाच्या मागे संप, बंड, सहकार, विज्ञान आणि चटका लावणारे बालमृत्यू असा केवढा तरी इतिहास उभा असलेला दिसला. आज तो वाचकांपुढे ठेवते आहे.

प्रथम एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. ऊब कापडात नसतेच. ती असते कापडाने धरून ठेवलेल्या हवेत. आपले अंग स्वतःच उष्णता निर्माण करीत असते. ती बाहेर पळू नये म्हणून अंगाभोवती हवेचा एक स्तब्ध थर ठेवायचा, एवढेच गरम कपड्याचे काम. आपल्या आज्यांनी हे शास्त्र पुस्तकात वाचले नव्हते, पण जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून त्यांनी गोधडी शिवली ती याच तत्त्वावर. लुगडे पातळ, पण दोन थरांमध्ये कोंडलेली हवा जाड. धनगराच्या घोंगडीचेही तेच. दख्खनी मेंढीची राठ लोकर अंगाला टोचते, पण तिच्या केसाकेसांत हवा अडून बसते.

फ्लॅनेलने हीच हवा अडवली ती निराळ्या युक्तीने. लोकरीचे सैल पिळाचे सूत घ्यायचे, साधे विणायचे, मग ते कापड पाण्यात कुटून-मळून दाट करायचे आणि शेवटी त्याचा पृष्ठभाग हलकेच ओरबाडून त्याच्यावर लव उभी करायची. युरोपात हे ओरबाडण्याचे काम पूर्वी टीझल नावाच्या झाडाच्या वाळलेल्या काटेरी बोंडांनी करीत. त्या लवेच्या असंख्य बारीक तंतूंमध्ये हवा अडकते. फ्लॅनेलची सगळी जादू या लवेत आहे. आणि पुढे जी आग लागली, तीही या लवेतच लागली. पण तो भाग नंतर.

हे कापड मूळचे वेल्सचे. इंग्लंडच्या पश्चिमेला डोंगरांचा, पावसाचा आणि मेंढरांचा हा चिमुकला देश. वेल्श भाषेत लोकरीला 'ग्व्लान' म्हणतात. त्यावरूनच फ्लॅनेल हा शब्द आला असावा असे मानतात. शेक्सपिअरच्या काळी तर फ्लॅनेल आणि वेल्श माणूस हे समीकरण इतके पक्के होते, की 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' या नाटकात फॉल्स्टाफ हा विनोदी सरदार एका वेल्श पाद्रीबुवांची फ्लॅनेल म्हणूनच संभावना करतो. आपल्याकडे एखाद्या सोलापूरकराला चादर म्हणावे, त्यातलाच हा प्रकार!

त्या काळच्या इंग्लंडात लोकर म्हणजे राज्याचा कणा. तिचा खप वाढावा म्हणून राज्यकर्त्यांनी काय करावे? १६६६ साली आणि पुन्हा १६७८ साली त्यांनी कायदे केले, की मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कफनात पुरले पाहिजे. तसे पुरले आहे असे शपथपत्र द्यायचे, नाहीतर पाच पौंड दंड भरायचा. हे कायदे पुस्तकातून निघाले ते १८१४ साली. मृताला लोकर नेसवण्याचा कायदा झाला; जिवंत गरिबाला ती परवडावी, असा मात्र झाला नाही. फ्लॅनेलच्या इतिहासातली ही विसंगती पुढेही आपली पाठ सोडत नाही.

वेल्समधले न्यूटाउन हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्लॅनेलची राजधानी होते. तेथील विणकरांची घरे पाहण्याजोगी. खाली दाटीवाटीची बिऱ्हाडे आणि वरच्या मजल्यांवर माग, उजेडासाठी लांबच लांब खिडक्यांच्या रांगा. उजेड आधी मागाला मिळायचा, मग माणसाला. १८३२ साली तेथे फ्लॅनेलचा खास बाजार उभा राहिला. पण कापड विणणाऱ्याच्या पोटाला त्या भरभराटीचे पुरेसे कधी मिळाले नाही. जवळच्याच लॅनिडलॉइस गावी १८३९ साली हे विणकर चार्टिस्ट चळवळीच्या झेंड्याखाली मताच्या अधिकारासाठी उठले, पकडलेल्या सोबत्यांना त्यांनी सोडवले आणि काही दिवस गाव आपल्या ताब्यात ठेवले. बंड अर्थातच मोडले गेले.

याच न्यूटाउनात १७७१ साली रॉबर्ट ओवेन जन्मला. कामगारांनी एकमेकांशी चढाओढ न करता एकमेकांना साह्य करून जगावे, हा विचार त्याने आयुष्यभर सांगितला. आणि योगायोग असा की त्या विचाराला टिकाऊ रूप दिले तेही फ्लॅनेलच्याच विणकरांनी. लँकेशायरमधले रॉचडेल हे फ्लॅनेल विणणारे दुसरे गाव. तेथे मजुरीवाढीचा प्रयत्न फसल्यावर काही विणकर आणि त्यांचे सोबती मिळून अठ्ठावीस माणसांनी प्रत्येकी एक पौंड भागभांडवल जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी, ऐन थंडीत, टोड लेनमध्ये एक दुकान उघडले. विकायला काय, तर थोडे लोणी, साखर, पीठ, ओटचे भरड आणि काही मेणबत्त्या. जगभरची सहकारी चळवळ आपले मूळ या दुकानात शोधते. ज्या महाराष्ट्राला सहकार म्हटले की प्रवरानगर आठवते, त्याने त्या मेणबत्त्यांच्या उजेडातले लोकरीचे माग आठवायलाही हरकत नाही.

विणणारा असा धडपडत होता, शिवणारीचे काय? फ्लॅनेलचे कपडे बहुतेक घरीच शिवले जात. बाळाचे लंगोट नि अंगरखे, म्हाताऱ्यांच्या बंड्या, बायकांचे आतले परकर, रात्री घालायचे घोळदार झगे. १८६२ साली इंग्लंडच्या शिक्षणखात्याने प्राथमिक शाळांसाठी जी नवी नियमावली केली, तिच्यात मुलींना साधे शिवणकाम शिकवणे सक्तीचे झाले. त्या शिवणाच्या तासाला सुती कापड आणि फ्लॅनेल यांचे टाके वेगळे असत. सुती कापडाची कड दोनदा दुमडून तुरपाई करता येते. फ्लॅनेल तसे दुमडले तर जाड वळ उठतो आणि अंगाला रुततो. म्हणून त्याची कड एकदाच मोडायची, आणि माशाच्या काट्यासारखा तिरपा हेरिंगबोनचा टाका घालून ती सपाट बसवायची. पाठीखाली शिवण टोचू नये, एवढाच या टाक्याचा हेतू. शिवणाच्या पुस्तकांत पुष्कळ टाके सौंदर्यासाठी असतात. हा दयेपोटी निघालेला आहे.

आरामशीर कपडा हीसुद्धा लढूनच मिळवावी लागलेली गोष्ट आहे. त्या काळच्या इंग्रज बाईच्या अंगावर हाडांच्या कांबींची चोळी आणि परकरांवर परकर असत. १८८१ साली लंडनमध्ये लेडी हार्बर्टन यांच्या पुढाकाराने रॅशनल ड्रेस सोसायटी नावाची संस्था निघाली. बाईच्या आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांहून, म्हणजे सव्वातीन किलोंहून अधिक असू नये, ही तिची एक मागणी! सुधारकांची मागणी एवढी, तर रूढी किती वजनाची होती याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याच सुमारास जर्मनीतले प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाव येगर यांनी प्रतिपादले, की माणसाने अंगाला फक्त प्राण्यांची लोकरच लावावी, सूत आणि लिनन आरोग्याला घातक. १८८४ साली त्यांच्या नावाने लंडनात दुकान निघाले आणि बर्नार्ड शॉसारखा लेखक येगरच्या लोकरी पोशाखात मिरवू लागला.

लोकरीवरच्या या श्रद्धेचा प्रसाद हिंदुस्थानालाही मिळाला. पोटाला गारवा लागला की पटकी होते, अशी समजूत होती. म्हणून येथल्या गोऱ्या सैनिकांच्या पोटाला फ्लॅनेलचा रुंद पट्टा बांधीत. त्याचे नावच मुळी 'कॉलरा बेल्ट'. वैशाखाच्या उन्हात घामाने निथळणारा शिपाई पोटाला लोकर बांधून कवायत करतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचे जंतू शोधून ते दूषित पाण्यातून येतात हे दाखवले. तरी विसावे शतक उजाडल्यावरही हे पट्टे सुटले नव्हते. उबेवर माणसाचा विश्वास असा गाढ असतो. पुराव्याने तो सहजासहजी हलत नाही.

आता त्या लवेतल्या आगीकडे वळू.

लोकरीचे फ्लॅनेल चांगले, पण महाग. शिवाय धुतले की आटते. गिरणीमालकांनी यावर तोड काढली. साधे सुती कापड घ्यायचे आणि यंत्राने ओरबाडून त्याच्यावर लोकरीसारखी लव काढायची. १८८० च्या दशकात 'फ्लॅनेलेट' या नावाने हे कापड बाजारात आले. दिसायला मऊ, हाताला ऊबदार, धुवायला सोपे आणि किंमत गरिबाला झेपणारी. कामगार वस्तीतल्या आयांना तर हे वरदानच वाटले असेल. ज्यांच्या मुलांना थंडीत फाटक्या सुती कपड्यांवर झोपावे लागे, त्यांना आता मऊ उबदार झगे मिळाले. हातशिलाईचे असोत की यंत्रावरचे, घरोघर असे झगे शिवले जाऊ लागले.

पण लोकर आणि सूत यांच्या स्वभावात एक मूलभूत फरक आहे. लोकर सहसा भडकत नाही. ती कोळपते, काळी पडते आणि ज्योत दूर नेली की बहुधा आपोआप विझते. सूत मात्र ज्योत धरते आणि जळत राहते. त्यातून त्याच्यावर लव काढलेली, म्हणजे प्रत्येक बारीक तंतूभोवती हवा. जी हवा उबेला कारण, तीच हवा आगीला खाद्य. ठिणगी लागली की ज्योत त्या लवेवरून क्षणार्धात सरसरत जाते. आणि त्या घरांत ठिणगी कुठे नव्हती? उघडी शेगडी, मेणबत्ती, रॉकेलचा दिवा. आई कामावर गेलेली, थंडीने काकडलेले मूल शेकायला पुढे सरकते, झग्याचा घोळ शेगडीला लागतो... पुढचे लिहवत नाही. इंग्लंडातल्या कॉरोनरांपुढे, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, अशी प्रकरणे पुन्हा पुन्हा येऊ लागली.

यावर राज्यकर्त्यांनी काय केले, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे. १९०८ च्या बालकविषयक कायद्यात कलम आले, की सात वर्षांखालच्या मुलाला उघड्या शेगडीच्या खोलीत पुरेशा आडोशाविना ठेवले आणि ते भाजून मेले किंवा गंभीर जखमी झाले, तर सांभाळणाऱ्याला दहा पौंडांपर्यंत दंड. म्हणजे कायद्याचा पहिला बडगा बसला तो आईवर. १९१० साली फ्लॅनेलेटच्या धोक्यावर सरकारी अहवाल निघाला. १९१३ साली कायदा झाला, पण तो एवढाच, की कापड 'जळत नाही' असे सांगून विकायचे असेल तर ते कसोटीला उतरले पाहिजे. मुकाट्याने जळाऊ कापड विकायला बंदी नव्हतीच.

विज्ञान मात्र स्वस्थ बसले नव्हते. मँचेस्टरचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हेन्री पर्किन यांनी या कामात वर्षे घालवली. कृत्रिम जांभळा रंग शोधणाऱ्या प्रसिद्ध पर्किन यांचे हे चिरंजीव. जळू नये म्हणून कापडाला लावलेले क्षार पहिल्या धुण्यातच निघून जात, ही खरी अडचण. पर्किन यांनी कापड आधी सोडियम स्टॅनेटच्या आणि मग अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून काढले. त्यामुळे कथिलाचे एक संयुग तंतूंतच रुतून बसे आणि साबणाच्या धुण्यालाही दाद देत नसे. १९१२ साली न्यूयॉर्कला भरलेल्या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. कापड बाजारातही आले. पण या संस्कारापायी त्याची किंमत वाढे, आणि फ्लॅनेलेट घेणारा ते घेत होता ते मुळी स्वस्त म्हणूनच. ज्याला धोका सर्वांत अधिक, त्याच्याच खिशाला सुरक्षितता जड. मृताच्या लोकरी कफनापासून सुरू झालेली विसंगती येथे पुन्हा भेटते.

इंग्लंडात मुलांच्या रात्रीच्या झग्यांचे कापड ठराविक कसोटीला उतरलेच पाहिजे असा नियम व्हायला १९६४ साल उजाडावे लागले. झग्यांचा उल्लेख मुद्दाम आहे. पायजम्यापेक्षा घोळदार झगा लवकर पेटतो, आणि झगे मुलींच्या अंगावर असत. अमेरिकेत लवदार रेयॉनच्या स्वेटरांनी आणि मुलांच्या काउबॉय पोशाखांनी अपघात घडवले, तेव्हा १९५३ साली तेथे कायदा आला. पुढे मुलांच्या झोपायच्या कपड्यांना ट्रिस नावाचे रसायन लावू लागले. ते आरोग्याला घातक असल्याचे दिसून आल्यावर १९७७ साली त्यावरही बंदी आली. रासायनिक उपायही डोळे मिटून घ्यायचे नसतात, हा त्यातला धडा.

मग थंडीसाठी फ्लॅनेलचा सुखाचा कपडा शिवायचाच नाही की काय? अवश्य शिवावा! इतिहास घाबरवण्यासाठी नसतो, शहाणे करण्यासाठी असतो. आपल्याकडे बाळाच्या झबल्यासाठी फ्लॅनेल म्हणून जे मिळते ते बहुधा सुतीच असते, हे आधी ओळखावे. खात्री करायची तर एक दोरा काढून, चिमट्यात धरून, मुलांपासून दूर जाळून पाहावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरा होणारी काळी गुठळी उरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, आणि तो अंगाला चिकटून भाजतो म्हणून आगीपाशी तोही नकोच.

बेतण्यापूर्वी सुती फ्लॅनेल एकदा धुऊन वाळवावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल. हात फिरवून लवेची दिशा पाहावी आणि सगळे भाग एकाच दिशेने बेतावेत. नाहीतर एक बाही उजळ आणि एक काळसर दिसते. धागा सैल पिळाचा असल्याने कड सुटते, म्हणून टाका फार बारीक घालू नये आणि कडा नीट बांधून घ्याव्यात. गळ्याला आतून मलमलची पट्टी लावावी. अंगात सैल, पण मनगटाशी आवळलेली बाही. घेर चालण्यापुरता, जमिनीवर लोळणारा नको. उबेला मोठा घोळ लागत नाही. उलट खालून वारा शिरला की कोंडलेली हवा निसटते आणि ऊबही जाते. म्हणजे जो बेत सुखाचा, तोच सुरक्षित. आणि पणत्या लावताना, फुलबाज्या उडवताना मुलांच्या अंगावर लवदार फ्लॅनेल नसावे. अंगासरशी बसणारे, लव नसलेले जाड सुती कपडे असावेत. फ्लॅनेल घालावे रात्री, दिवे शांत झाल्यावर, पांघरुणात शिरताना.

शेवटी एक गोष्ट राहिली. मुलाचा कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड सोडतात, पुढच्या वर्षी मूल वाढले की उसवून मोठे करता यावे म्हणून. आपले शिंपी त्याला 'माया' म्हणतात. कापडात माया ठेवली का, असे विचारतात. वेल्सच्या विणकराने, रॉचडेलच्या अठ्ठावीस माणसांनी, मँचेस्टरच्या प्राध्यापकाने आणि शेगडीपाशी मूल ठेवून कामावर जाणे भाग पडलेल्या त्या अनाम आयांनी आपापल्या परीने जे केले, त्याला मला याहून चांगला शब्द सापडत नाही. कापड विणणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनीही ती थोडी आधीच ठेवली असती, तर कितीतरी मुले पुढच्या वर्षीच्या मापाची झाली असती.